हिमयुगाची अर्धी साक्ष

आमच्या मराठी वाङ्मय मंडळाच्या वादविवाद स्पर्धेत यंदा हवामानबदलाचा विषय होता. सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या त्या एका वाक्याला : "पृथ्वीवर हिमयुगं आली आणि गेली, तेव्हा कुठे मोटारी होत्या?" वाक्य माझ्याच एका मित्राचं. तो बोलतो फार छान. बक्षीस त्यालाच मिळालं आणि ते योग्यच झालं, कारण समोरच्या बाजूला या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही.

माझं त्याच्याशी भांडण नाही. प्रश्न चांगलाच आहे. माझं म्हणणं एवढंच, की हिमयुगाला साक्षीला बोलावलंत ना, मग त्याची साक्ष पूर्ण ऐकून घ्या. "मी माणसाच्या आधी आलो होतो" एवढं एक वाक्य बोलून घ्यायचं आणि साक्षीदाराला खाली उतरवायचं, हा न्याय झाला नाही. ही पूर्ण साक्ष ऐकली तर ती माझ्या मित्राच्या बाजूने जात नाही. उलट, कार्बन डायऑक्साइड वायूकडे बोट पहिल्यांदा दाखवलं गेलं तेच मुळी हिमयुगाचं कोडं सोडवताना. आपल्यापैकी फार थोड्यांना हे ठाऊक आहे, म्हणून लिहितोय.

सुरुवात बर्फापासूनच करू. आपण गोव्याची माणसं. आपला बर्फ म्हणजे मासळीच्या पेटीतला नाहीतर सरबतातला. त्यामुळे हिमनदी म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते गोठलेलं नदीचं पाणी. तसं ते नसतं. हिमनदी पाणी गोठून होत नाही, ती पडलेल्या हिमापासून होते, आणि त्याचा हिशेब अगदी दुकानातल्या जमाखर्चासारखा असतो. हिवाळ्यात पडलेलं हिम ही जमा, उन्हाळ्यात वितळलेलं हा खर्च. वर्षअखेर थोडं जरी शिल्लक राहिलं, तरी पुढच्या वर्षीचं हिम त्याच्यावर पडतं. असं वर्षानुवर्षं चाललं की खालच्या थरावर वजन येतं. ताजं हिम म्हणजे बहुतेक हवाच, कापसासारखी. दाबाने त्याचे चांदणीसारखे कण मोडतात, गोल होतात, एकमेकांना चिकटतात. एक उन्हाळा टिकून राहिलेल्या अशा दाणेदार हिमाला फर्न म्हणतात. हा आल्प्सकडचा जर्मन शब्द, आणि त्याचा मूळ अर्थ आहे 'गेल्या वर्षीचं'. किती नेमकं नाव! त्यानंतर दाब आणखी वाढतो, कणांमधल्या हवेच्या वाटा बंद होतात आणि उरलेली हवा बारीक बुडबुड्यांत कायमची कोंडली जाते. हा झाला हिमनदीचा बर्फ. या बुडबुड्यांना विसरू नका, ते पुढे साक्षीला येणार आहेत.

बर्फाचा थर साधारण तीस ते पन्नास मीटर जाड झाला की तो स्वतःच्याच वजनाने उताराकडे सरकू लागतो. अगदी हळू, पण सरकतो. जाताना खालचा खडक घासतो, दगडगोटे उचलतो, खडकावर समांतर ओरखडे काढतो, आणि वितळतो तिथे सगळा माल टाकून देतो. बर्फ गेला तरी हे ओरखडे आणि हे परके दगड मागे राहतात. हिमयुगाचा शोध लागला तो या खुणांवरून.

आणि तो लावला कुणी? शाळेतली पुस्तकं लुई अगासीझचं नाव सांगतात. ते चूक नाही. १८३७ साली स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल गावी त्याने विद्वानांच्या सभेत सांगितलं, की एके काळी युरोपचा मोठा भाग बर्फाखाली होता. पण त्याच्या कितीतरी आधी, १८१५ साली, आल्प्समधल्या एका खोऱ्यातला जाँ-पिएर पेरोदाँ नावाचा शिकारी शार्पाँतिए नावाच्या खाणतज्ज्ञाला म्हणाला होता, की हे पूर्ण खोरं पूर्वी हिमनदीने भरलेलं होतं, कारण एवढे मोठे दगड पाण्याने इथवर येणं शक्यच नाही. शार्पाँतिएला ते तेव्हा इतकं अचाट वाटलं की त्याने लक्षच दिलं नाही. पुढे वेनेत्झ नावाच्या इंजिनियरने तेच पुराव्यांसकट मांडलं तेव्हा शार्पाँतिएला पटलं, आणि शार्पाँतिएकडे त्याचं म्हणणं खोडून काढायला आलेला अगासीझ स्वतःच पटवून घेऊन परत गेला.

इंग्लंडमधला विल्यम बकलंड हा तर धर्मगुरू आणि ऑक्सफर्डचा भूविज्ञानाचा अध्यापक. हे विखुरलेले दगड आणि गाळ नोहाच्या महापुराने आणले, असं त्याने १८२३ साली पुस्तक लिहून सांगितलं होतं. १८४० साली तो अगासीझबरोबर स्कॉटलंडमध्ये फिरला, खडकांवरचे ओरखडे पाहिले, आणि लंडनच्या सभेत उभं राहून हिमनदीच्या बाजूने बोलला. त्याची श्रद्धा गेली नाही. पुढे तो वेस्टमिन्स्टरचा डीन झाला. पुराव्यापुढे त्याने मत बदललं, एवढंच. आमच्यासारख्या कॉलेजात, जिथे दिवसाची सुरुवात प्रार्थनेने होते आणि त्यानंतर विज्ञानाचे तास होतात, बकलंडची आठवण अधूनमधून काढली पाहिजे असं मला वाटतं.

आता माझ्या मित्राच्या बाजूने एक पुरावा मीच देतो. बर्फाच्या या खुणा आपल्या मराठी मुलखातही आहेत. चंद्रपूरजवळ इरई गावापाशी, पैनगंगेच्या पात्रात, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मंडळींना १८७० च्या दशकात हिमनदीने घासलेला, ओरखडे उठलेला खडक आणि तसेच घासलेले दगड सापडले. वैशाखातलं चंद्रपूर आठवा आणि तिथे हिमनदीची कल्पना करा! ही गोष्ट साधारण तीस कोटी वर्षांपूर्वीची. तेव्हा भारताची भूमी गोंडवन नावाच्या महाखंडाचा भाग होती आणि हे महाखंड दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होतं. चंद्रपूरच्या कोळशाच्या थरांखाली आजही त्या बर्फाने टाकलेले दगड आहेत. म्हणजे निसर्ग आपणहून केवढी उलथापालथ करू शकतो, हे मला पूर्ण मान्य आहे. पण ती झाली कशाने? "झाली" एवढं म्हटल्याने "कशाने" सुटत नाही. खंडं सरकली, ध्रुवाशी जमीन आली, बर्फाला बसायला जागा मिळाली. प्रत्येक हिमयुगाला कारण होतं. 'नैसर्गिक' याचा अर्थ 'विनाकारण' असा होत नाही.

आपण सध्या ज्याला हिमयुग म्हणतो ते अलीकडचं. गेल्या सुमारे २६ लाख वर्षांत उत्तर गोलार्धात बर्फ पुनःपुन्हा पसरला आणि पुनःपुन्हा मागे हटला. शेवटचा मोठा पसारा साधारण वीस हजार वर्षांपूर्वीचा. तेव्हा कॅनडावर काही ठिकाणी तीन किलोमीटर जाडीचा बर्फ होता. खंडं तर आहेत तिथेच होती, मग हा बर्फ येत-जात का होता?

या प्रश्नाला हात घातला तो एका कॉलेजच्या शिपायाने. हो, शिपायानेच. जेम्स क्रोल, जन्म १८२१, स्कॉटलंड. तेराव्या वर्षी शाळा सुटली. गिरण्यांची यंत्रं दुरुस्त केली, सुतारकाम केलं, चहाचं दुकान काढलं, विमा विकला, कशातच जम बसला नाही. १८५९ साली ग्लासगोच्या अँडरसन कॉलेजात त्याला शिपायाची नोकरी मिळाली. पगार बेताचा, पण ग्रंथालय जवळ. तिथे बसून त्याने खगोलशास्त्र वाचलं आणि १८६४ साली निबंध प्रसिद्ध केला : पृथ्वीची सूर्याभोवतीची कक्षा हजारो वर्षांत थोडी कमी-जास्त लांबट होते, त्याने ऋतूंमधलं ऊन बदलतं, आणि हिमयुगं त्यामुळे येतात. शिवाय त्याने एक फार महत्त्वाची गोष्ट ओळखली. बर्फ पांढरा असतो, तो ऊन परत फेकतो, त्यामुळे थंडी वाढते, त्यामुळे आणखी बर्फ. एक छोटासा धक्का, आणि पुढे तो स्वतःच स्वतःला वाढवत जातो. पुढे क्रोल रॉयल सोसायटीचा सदस्य झाला.

क्रोलचं एक गणित मात्र चुकलं होतं. त्याला वाटलं, हिवाळे कडक झाले की हिमयुग येतं. आपल्यालाही तसंच वाटेल. पण मघाचा जमाखर्च आठवा. उत्तरेकडे हिवाळ्यात हिम पडायचं ते पडतंच. प्रश्न असतो ते उन्हाळ्यात उरतं की नाही हा. उन्हाळा सौम्य असला की खर्च कमी आणि शिल्लक वाढते. हिमयुग कडक हिवाळ्याने येत नाही, ते थंड उन्हाळ्याने येतं.

हे गणित नीट मांडलं मिलुटिन मिलांकोविच या सर्बियन माणसाने. मूळचा हा काँक्रीटचा इंजिनियर. १९१४ साली नुकतंच लग्न होऊन तो गावी गेला असताना महायुद्ध सुरू झालं आणि ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सरकारने त्याला पकडून तुरुंगात टाकलं. पुढे त्याला बुडापेस्ट शहरात राहायची मुभा मिळाली आणि उरलेली युद्धाची वर्षं त्याने तिथल्या विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयात आकडेमोड करत काढली. तीन चक्रं त्याने हिशेबात धरली. कक्षेचा लांबटपणा सुमारे एक लाख वर्षांत बदलतो. पृथ्वीच्या आसाचा कल ४१ हजार वर्षांत साधारण २२.१ ते २४.५ अंशांमध्ये झुलतो. आणि भोवऱ्यासारखा आस फिरत असल्यामुळे कोणत्या ऋतूत पृथ्वी सूर्याजवळ असते हे सुमारे २३ हजार वर्षांत बदलतं. हवामानाच्या प्रकारांसाठी भूगोलात ज्याचं नाव आपण पाठ करतो त्या कोपेनने त्याला सांगितलं, की लक्ष उन्हाळ्याकडे ठेव. मिलांकोविचने लाखो वर्षांचा उत्तरेच्या उन्हाळ्यांचा हिशेब हाताने केला.

तो १९५८ साली गेला तेव्हा बहुतेकांनी त्याचं म्हणणं बाजूला टाकलेलं होतं. पुरावा आला तो १९७६ साली, आणि तो निघाला आपल्याच हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडच्या तळातून. तिथल्या गाळात सूक्ष्म जीवांचे शंख थरावर थर साठलेले असतात आणि त्यांतल्या ऑक्सिजनच्या प्रकारांवरून जगात त्या वेळी किती बर्फ होता हे कळतं. हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन या तिघांनी ते थर मोजले. जवळजवळ तीच चक्रं सापडली : एक लाख, ४१ हजार, २३ हजार.

इथवरची साक्ष ऐकून माझा मित्र म्हणेल, "बघ, मी काय सांगत होतो? सूर्य आणि कक्षा, झालं. माणसाचा काय संबंध?"

थांब जरा. इथेच अर्धी साक्ष संपते आणि उरलेली सुरू होते.

अडचण अशी, की कक्षेच्या या बदलांनी वर्षभरात पृथ्वीला मिळणारं एकूण ऊन जवळजवळ बदलत नाही. ते कुठे आणि कधी पडतं, एवढंच बदलतं. शिवाय उत्तरेला ऊन कमी झालं तर दक्षिणेलाही त्याच वेळी थंडी का पडावी? तरीही हिमयुगात सगळी पृथ्वी मिळून सरासरी पाच-सहा अंशांनी थंड होती. एवढ्याशा धक्क्याने एवढा मोठा परिणाम कसा? बर्फाचा पांढरेपणा हे एक उत्तर, पण तेवढं पुरत नाही.

दुसरं उत्तर शोधत होते ते वेगळेच लोक. जॉन टिंडल हा स्वतः आल्प्समध्ये हिमनद्यांवर चढून त्यांचा अभ्यास करणारा. प्रयोगशाळेत त्याने वेगवेगळ्या वायूंमधून उष्णता सोडून पाहिली आणि १८६१ साली लिहिलं, की पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतात. त्यांचं प्रमाण बदललं तर भूवैज्ञानिक सांगतात तसले हवामानाचे फेरफार त्याने घडले असतील. मग स्वीडनचा स्वांटे अऱ्हेनियस आला. १८९४ च्या नाताळाच्या सुमारास तो कागद-पेन्सिल घेऊन बसला आणि जवळजवळ वर्षभर आकडेमोड करत राहिला. त्याचा प्रश्न होता : हवेतला कार्बन डायऑक्साइड किती घटला तर हिमयुग येईल? १८९६ साली त्याने उत्तर छापलं. हा वायू जवळजवळ निम्म्यावर आला, तर युरोपच्या अक्षांशांवर तापमान चार-पाच अंशांनी उतरेल. मग त्याने तेच गणित उलट्या दिशेनेही केलं. दुप्पट झाला तर? पाच-सहा अंशांनी चढेल.

म्हणजे बघा. मोटारी तेव्हा जेमतेम दहा वर्षांच्या होत्या. पर्यावरणवादी नव्हते, आंतरराष्ट्रीय परिषदा नव्हत्या, कुणाला कुणावर खटला भरायचा नव्हता. कार्बन डायऑक्साइड पृथ्वी तापवतो हे गणित जगापुढे आलं ते "हिमयुगं का आली?" या प्रश्नाच्या उत्तरात. हिमयुगाकडे बोट दाखवून कार्बन डायऑक्साइडला सोडवायला जाणं म्हणजे ज्याने चोर ओळखला त्यालाच चोराचा जामीन राहायला सांगण्यासारखं आहे.

अऱ्हेनियस आणि क्रोल एकमेकांचे विरोधक ठरले असते. एकाचं उत्तर हवेत, दुसऱ्याचं आकाशात. दोघांचा वाद मिटवला बुडबुड्यांनी. अंटार्क्टिकाच्या बर्फात तीन किलोमीटरहून खोल भोक पाडून काढलेल्या बर्फाच्या दंडगोलात आठ लाख वर्षांची हवा कोंडलेली आहे. ती मोजली तर दिसतं, की कडक हिमकाळात कार्बन डायऑक्साइड हवेच्या दहा लाख भागांत १८० च्या आसपास होता आणि उबदार काळात २८० च्या आसपास, फार तर ३००. धक्का कक्षेचा, आणि तो वाढवून सगळ्या पृथ्वीभर पोचवला बर्फाने आणि या वायूने.

इथे एक हुशार शंका येते. दंडगोलांत असं दिसतं की काही वेळा आधी तापमान चढायला लागलं आणि वायू त्याच्याबरोबर किंवा थोडा मागून वाढला. मग तो कारण कसा? सोड्याची बाटली उन्हात ठेवून बघा. गरम पाण्यात वायू कमी मावतो. समुद्र थोडा तापला, त्याने कार्बन डायऑक्साइड सोडला, त्याने हवा आणखी तापली, समुद्राने आणखी सोडला. व्याज मुदलात जमा होत जावं तसं. व्याज नंतर आलं म्हणून ते कर्ज वाढवत नाही, असं सावकाराला सांगून बघा.

आता आजचे आकडे. शेवटचं हिमयुग संपताना हवेतला हा वायू अंदाजे ८० भागांनी वाढला, आणि त्याला सुमारे सात हजार वर्षं लागली. १९५८ साली हवाईमधल्या मौना लोआवर रोजची मोजणी सुरू झाली तेव्हा तो ३१५ होता. आज ४२० च्या पुढे आहे. म्हणजे शंभराहून अधिक भाग, एका आजीच्या आयुष्यात. हा जास्तीचा कार्बन जुन्या कोळशाचा आणि तेलाचा आहे, हेही कळतं. लाखो वर्षं जमिनीत पडून राहिलेल्या कार्बनात किरणोत्सर्गी कार्बन-१४ उरलेला नसतो, आणि हवेत असाच कार्बन मिसळत असल्याची खूण मोजणीत सापडते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : मिलांकोविचचं घड्याळ आत्ता काय सांगतंय? गेली सुमारे दहा हजार वर्षं उत्तरेच्या उन्हाळ्यातलं ऊन हळूहळू कमीच होत आलं आहे. निसर्गाचा हा काटा गारव्याकडे झुकलेला, आणि पारा मात्र गेल्या दीडशे वर्षांत एक अंशाहून अधिक वर. "पुढचं हिमयुग येईलच, तेवढीच ऊब बरी" असं म्हणणाऱ्यांना सांगायचं तर कक्षा सध्या जवळजवळ गोल आहे, त्यामुळे पुढचं हिमयुग अजून हजारो वर्षं लांब आहे. आजच शेकोटी पेटवायची घाई नको.

आपल्याकडे नारळ वाऱ्यानेही पडतो. म्हणून पाडेली माडावर चढलाच नाही असं कुणी म्हणत नाही. खाली पडलेल्या पेंडीला कोयत्याची खूण आहे का ते बघतात. इथे कोयत्याची खूण आहे.

एवढं सगळं गोव्यातल्या मुलामुलींनी का वाचावं? कारण गोव्याचा आकारच हिमयुगाने दिलेला आहे. वीस हजार वर्षांपूर्वी जगाचं इतकं पाणी बर्फात अडकलं होतं, की समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. मिरामारला उभं राहिलात तर समुद्र दिसलाच नसता; किनारा पश्चिमेला कितीतरी किलोमीटर दूर होता. मांडवी आणि झुआरी तेव्हा खोल दऱ्यांतून वाहत होत्या. बर्फ वितळला, समुद्र चढला आणि त्या दऱ्यांच्या तोंडात शिरला. आज फेरीबोटीतून आपण जी रुंद नदी ओलांडतो ती बुडालेली दरी आहे. सुमारे सात हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्या पातळीच्या जवळ येऊन स्थिरावला. त्या स्थिरपणाच्या भरवशावर आपल्या पूर्वजांनी नदीकाठच्या खाऱ्या दलदलींना बांध घातले आणि खाजन शेती उभी केली.

माझं आजोळ चोडणचं. मामांचं थोडं खाजन शेत आहे. भरतीच्या वेळी बांधावर उभं राहिलं की एका बाजूला नदीचं पाणी वर आणि दुसऱ्या बाजूला शेत खाली, हे डोळ्यांना दिसतं. मधे काय, तर मातीचा बांध आणि मानशीची लाकडी दारं. ओहोटीला ती पाण्याच्या दाबाने उघडतात, भरतीला आपोआप मिटतात. बांध फुटून एकदा खारं पाणी आत शिरलं, की कोरगुटसारखं खारं सोसणारं भातसुद्धा किती तग धरेल याला मर्यादा आहे. १९०१ पासून जगातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे वीस सेंटीमीटरने वाढली आहे, आणि वाढीचा वेग वाढतो आहे. कॅनडावरच्या तीन किलोमीटर बर्फापुढे वीस सेंटीमीटर म्हणजे काहीच नाही. मामांच्या बांधापुढे ती वीतभर उंची फार आहे.

आणि ज्या बर्फाची ही गोष्ट आहे त्याचा अभ्यासही आपल्याच दारात चालतो. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहूनच निघाली. वास्कोच्या हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, तिथे अंटार्क्टिकातून आणलेला बर्फ गोठलेल्या खोल्यांत जपून ठेवतात आणि त्याचे थर वाचतात. बसने आपण त्याच्या जवळून जातो आणि हिमयुग म्हटलं की आपल्याला आठवतो तो इंग्रजी कार्टूनमधला हत्ती. मंडळाने या वर्षी एक सहल तिकडे काढावी, परवानगीसाठी मी स्वतः अर्ज लिहायला तयार आहे. आणि परत आल्यावर त्यावर मराठीत लिहावं. हिमनदी, कक्षा, कल, गाळ, जमाखर्च : या विषयाला लागणारे बहुतेक शब्द आपल्या भाषेत आधीच आहेत, आपण ते वापरत नाही इतकंच.

"हवामान तर पूर्वीपासून बदलतं" हे वाक्य खरं आहे. म्हणूनच ते धीर देणारं नाही. जी पृथ्वी उन्हाळ्यातल्या थोड्याशा कमी उन्हाने, हवेतल्या शंभर भागांच्या फरकाने अर्ध्या युरोपावर बर्फ चढवते, ती हलक्या काट्याची तराजू आहे. अशा तराजूच्या पारड्यात हात घालताना जपायला हवं, एवढंच हिमयुग सांगतं.

बांधावर माती टाकणारा माणूस पाणी नैसर्गिक आहे की माणसाने वाढवलेलं, हा वाद घालत बसत नाही. पण किती वेगाने वाढतंय आणि कशाने, हे त्याला विचारावंच लागतं, कारण पुढच्या पावसाआधी बांध किती उंच करायचा हे त्यावर ठरतं. आपल्यालाही तेवढंच विचारायचं आहे, आणि उत्तर आलं की ते शेवटपर्यंत ऐकायचं आहे.